गाजलेली कोडी आणि गप्प समीक्षक



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्यांच्याविषयी प्रास्ताविकात इतके नेमके बोलले गेले आहे, की मी त्यात भर घालत नाही. ते गणित शिकवत आणि फळ्यावर उत्तर लिहून द्यायला खळखळ करत, एवढा धागा मला आज पुरे आहे. विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी संयोजकांना विचारले म्हणे, ‘व्हिडिओ गेमवर व्याख्यान? त्यात ऐकण्यासारखे काय असते?’ प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या या रामदासपेठेत चार पावलांवर दवाखाना, आठ पावलांवर शिकवणीवर्ग. इथल्या मुलाच्या हातात गेम दिसला की घरच्यांना आधी परीक्षेची तारीख आठवते.

मी ज्या खेळांबद्दल बोलणार आहे त्यांत बंदुका नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या पैशाशिवाय, एखाद्या माणसाने किंवा मूठभर लोकांनी केलेले हे कोड्यांचे खेळ आहेत. त्यांना इंडी गेम म्हणतात. गेम दुकानातून डबा न आणता इंटरनेटवरून थेट विकत घेता येऊ लागला, तेव्हापासून त्यांना बरे दिवस आले. वर्षा-दोन वर्षांनी त्यातला एखादा अचानक ‘दशकातला सर्वोत्कृष्ट’ ठरतो. समीक्षक दहापैकी दहा देतात, मित्र म्हणतात, ‘अरे, तू अजून खेळला नाहीस?’ आपण विकत घेतो, आणि दोन तासांनी मनात येते, की हेच का ते? हा बोलबाला खरा असतो की पोकळ, याचा आज हिशेब मांडू.

कोड्याच्या कौतुकात मुळातच एक अडचण आहे. गाण्याच्या मैफलीवर लिहिणारा राग सांगतो, बंदिश सांगतो, कुठल्या जागेवर दाद गेली ते सांगतो. वाचकाचे त्यात काही बिघडत नाही, उलट पुढच्या वेळी तो जास्त सावध कानाने ऐकतो. नाटकावर लिहिणारा शेवट झाकतो, पण अभिनय, नेपथ्य, संवाद यांवर मोकळेपणी बोलू शकतो. कोड्यावर लिहिणाऱ्याला मात्र जी गोष्ट सर्वांत आवडली नेमकी तीच सांगता येत नाही. सांगितली की वाचकाच्या वाटणीचा आनंद त्याने खाल्ला. म्हणून तो लिहितो, ‘काहीही न वाचता खेळा’, ‘एक क्षण असा येईल की तुम्ही थक्क व्हाल’. ही वाक्ये चांगल्या गेमलाही चालतात आणि फसलेल्या गेमलाही. कौतुकाचा आवाज मोठा, पण त्यात तपासून बघण्यासारखे काही नाही, अशी ही स्थिती आहे.

रिकामी जागा तशीच राहत नाही. तिथे चित्रे येतात, कारण चित्रे दाखवली तर उत्तर फुटत नाही. मग करणाऱ्याची कहाणी येते: याने इतकी वर्षे एकट्याने काम केले, याने पदरचे पैसे घातले, याचे घर विकले गेले. कहाणी खरी असते, माणूसही मोठा असतो, पण कोडे चांगले आहे की नाही हे त्यातून कळत नाही. पुढे मी जी नावे घेईन त्यांत हे पुन्हा पुन्हा दिसेल.

बुद्धिबळात असे होत नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तिचे कौतुक खरे की फुगवलेले, हे समोर बसलेल्या कोनेरू हंपीने आणि पटावरच्या सोंगट्यांनी ठरवले. कोड्यात समोर कोणी बसलेले नसते. कोडे घालणारा हा एकच प्रतिस्पर्धी, आणि त्याला शेवटी हरायचे असते. तो किती रंगतदारपणे हरतो हेच त्याचे कसब.

मग कौतुक तपासायचे कसे? याचा एक धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. आयुष्य गेले नाशिकजवळ देवळालीला शाळेत गणित शिकवण्यात. त्यांची एक गंमत आपण इथेच करून बघू. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. नागपुरात बसलो आहोत तर धम्मदीक्षेचे वर्ष, १९५६ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९६५१. चढत्या क्रमाने मांडा, १५६९. वजाबाकी, ८०८२. पुन्हा तेच: ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि ६१७४ वर हीच क्रिया केली, ७६४१ वजा १४६७, तर पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबता. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे काही जणांची वजाबाकी सुरू झालेली मला इथून दिसते आहे, तेव्हा जरा थांबतो.

कापरेकरांच्या वाट्याला हयातीत हेटाळणी बरीच आली. पदवीपलीकडे शिक्षण नाही, शाळामास्तर माणूस, आकड्यांशी खेळतो, असे विद्यापीठांतल्या पुष्कळांचे मत होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर नाव झाले. तेव्हा कापरेकर सत्तरीला टेकले होते. या प्रसिद्धीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यावर विश्वास ठेवायची कोणालाच गरज नव्हती. कागद-पेन्सिल घ्या आणि करून बघा. गार्डनर यांनी सांगितले म्हणून ६१७४ मोठा झाला नाही.

पण इथे दुसरी बाजू सांगितली नाही तर मी कापरेकरांचा भाट ठरेन. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये आपल्या छोट्या पुस्तकात अशाच काही आकड्यांची उदाहरणे दिली होती. ८७१२ हा २१७८ च्या चौपट आहे आणि ९८०१ हा १०८९ च्या नऊपट, म्हणजे आकडा उलटा वाचला की त्याची पट. हार्डी यांचे म्हणणे असे, की हे चमत्कारिक आहे, वर्तमानपत्राच्या कोडे-सदराला छान आहे, पण गणितज्ञाला भुरळ पाडेल असे त्यात काही नाही, कारण त्यातून पुढे काही निघत नाही. हार्डी कठोर माणूस होता. मला ६१७४ आवडतो आणि आवडत राहील. तरीही त्यांनी घातलेले बोट बरोबर जागी आहे. चकित करणे ही एक गोष्ट, आणि एका नियमातून दहा गोष्टी उलगडत जाणे ही दुसरी. गाजलेल्या कोड्यांच्या खेळाकडे मी हा प्रश्न घेऊन जातो: पहिले कोडे सुटल्यावर दुसऱ्याकडे बघायची माझी नजर बदलली का? बदलली असेल तर बोलबाला खरा. नसेल तर चित्रे कितीही देखणी असोत.

आता ‘ब्रेड’कडे येतो. इंडी खेळांच्या बोलबाल्याची सुरुवात पुष्कळ जण इथून मोजतात. ऑगस्ट २००८ मध्ये एक्सबॉक्सवर हा आला. करणारा जोनाथन ब्लो, चित्रे डेव्हिड हेलमन यांची. खेळ बघायला मारिओसारखा: एक माणूस उड्या मारत राजकन्येला शोधतो. फरक असा, की चूक झाली तर वेळ मागे नेता येतो, हवा तितका. हा नुसता सोयीचा प्रकार असता तर मी त्यावर वेळ घालवला नसता. पुढच्या भागात काही वस्तू हिरव्या चमकतात आणि त्यांच्यावर वेळेचा परिणाम होत नाही. एका खड्ड्यात किल्ली आहे. खड्ड्यात उतरले तर वर यायचा रस्ता नाही. किल्ली मात्र हिरवी आहे. आता तुम्हीच विचार करा. गेमला सतरा-अठरा वर्षे झाली, तेव्हा एवढे सांगायला हरकत नसावी: उतरा, किल्ली घ्या, वेळ मागे न्या. तुम्ही उलटे वर येता, आणि किल्ली हातात राहते, कारण तिच्यासाठी वेळ मागे गेलाच नाही. त्याच्या पुढच्या भागात तुम्ही उजवीकडे चाललात तर वेळ पुढे सरकतो, डावीकडे गेलात तर मागे. प्रत्येक भागात वेळेचा नियम वेगळा, आणि त्या नियमातून जेवढे निघते तेवढे पिळून काढलेले. एकही कोडे भरतीचे नाही. याबाबतीत ‘ब्रेड’चे जे कौतुक झाले ते मला पै न पै खरे वाटते.

खोटे कुठे वाटते? गोष्टीत. प्रत्येक भागाच्या आधी पुस्तके उघडून मजकूर वाचायचा असतो. पश्चात्ताप, हरवलेली राजकन्या, आणि शेवटाकडे अणुबॉम्बकडे झुकणारे काही सूचक इशारे. समीक्षकांना मुख्य कोडे सांगता येत नव्हते, मजकूर मात्र उद्धृत करता येत होता. त्यामुळे त्याच्यावरच रकानेच्या रकाने लिहिले गेले. माझ्या मते तो मजकूर अवजड आहे आणि कोड्यांना चिकटवलेला आहे. शेवटच्या दृश्यात वेळ उलटा फिरल्यावर जे दिसते ते जबरदस्त आहे, कारण तिथे गोष्ट आणि नियम एकच होतात. त्यापूर्वी तसे होत नाही.

गोष्ट आणि कोडे एकजीव कसे असावेत याचा नमुना हवा असेल तर भास्कराचार्यांकडे चला. ‘लीलावती’ ११५० मधली. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, म्हणजे ही आपल्याच मातीतली परंपरा. त्यात मोर आणि सापाचे उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघतो, मोर तिरपी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा. इथे मोर काढून टाका आणि फक्त काटकोन त्रिकोण ठेवा, गणित तेच राहील, पण तिरपी रेघ कुठून आली हे विद्यार्थ्याला दिसणार नाही. झेप हाच कर्ण आहे. ‘ब्रेड’मधली पुस्तके काढून टाकली तर कोड्यांचे काही बिघडत नाही. हा फरक.

स्वतः ब्लोलाही कौतुकाने समाधान दिले नाही. २०१२ च्या ‘इंडी गेम: द मूव्ही’ या माहितीपटात तो सांगतो, की चांगली परीक्षणे वाचूनही आपल्याला जे खास वाटत होते ते लोकांपर्यंत पोहोचलेच नाही असे त्याला वाटत राहिले. त्याच चित्रपटात सोल्जा बॉय या रॅप गायकाची एक चित्रफीत आहे. तो वेळ मागे-पुढे नेत खदाखदा हसतो आणि या गेमला काही अर्थ नाही अशा आशयाचे बोलतो. ब्लोला ते झोंबले. मला मात्र वाटते, त्या गायकाने निदान नियमाशी मनापासून खेळून घेतले. अणुबॉम्बवर निबंध लिहिणाऱ्या कित्येकांनी ते केले की नाही, देव जाणे.

याच माहितीपटात ‘फेझ’चा कर्ता फिल फिशही आहे. २०१२ मध्ये गेम आला तेव्हा लोकांना आधी त्याची वादग्रस्त वक्तव्ये माहीत होती, गेम नंतर. जग नव्वद अंशांत फिरवायची कल्पना सुंदर. पण शेवटाकडे एक काळा दगड येतो, त्याचे उत्तर खेळणाऱ्यांनी शेकडोंच्या संख्येने इंटरनेटवर एकत्र येऊन, एकामागून एक शक्यता वापरून शोधले. ते उत्तर कुठल्या तर्काने येते हे आजवर पटेलसे कोणी सांगितलेले नाही. कुलूप उघडले, किल्ली सापडली नाही. अशा कोड्याला मी कोडे म्हणायला तयार नाही.

‘मॉन्युमेंट व्हॅली’वर फार वेळ घालवत नाही. लंडनच्या ‘असटू’ने २०१४ मध्ये फोनसाठी केलेला हा खेळ. एशरच्या चित्रांतले अशक्य जिने, पेनरोजचा त्रिकोण, गुलाबी संध्याकाळचे रंग. अॅपलचे पारितोषिक मिळाले, ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ मालिकेत एका पात्राच्या हातात झळकला. दीड-दोन तासांत संपतो आणि विचार करायला जवळजवळ कुठेच लावत नाही. चाक फिरवा, रस्ता जुळतो. त्याच वर्षी त्यांनी नवे टप्पे काढले आणि थोडे पैसे मागितले, तर लोकांनी रागाने एक-एक तारा दिला. चहाच्या किमतीइतक्या पैशांसाठी एवढा आकांत, ही त्या प्रसंगातली खरी करुण गोष्ट. चित्रपुस्तक म्हणून ‘मॉन्युमेंट व्हॅली’ अप्रतिम आहे. कोडे म्हणून त्याचे जे नाव झाले ते चित्रांनी मिळवून दिले.

आता घरचे उदाहरण. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर गेम आला, मग ऑक्टोबरमध्ये इतरत्र. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकन मिळाले. भारतातून हे होणे लहान गोष्ट नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी कौतुकाचा वर्षाव केला, आणि त्या वर्षावात फ्लॅटची गोष्ट सगळ्यांत वर होती.

‘राजी’ मुख्यतः लढाईचा खेळ आहे, हे आधी स्पष्ट करतो. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधणारी बहीण, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वास्तू, लघुचित्रांसारखी दृश्ये, संगीत, सगळे मनापासून केलेले. २०२२ च्या आवृत्तीत हिंदी आवाजही आले. पण मधूनमधून कोडी आहेत, आणि तीच त्याची सर्वांत अशक्त बाजू. गोल मंडलाचे तुकडे फिरवून चित्र जुळवायचे आणि राजीची एखादी आठवण जागी करायची. कल्पना गोड आहे. पण पहिले मंडल जुळवणाऱ्याला दुसरे जुळवताना नवे काही कळत नाही. गोष्टही अर्ध्यावर तोडल्यासारखी संपते. मराठी माणूस म्हणून मला ‘राजी’चा अभिमान आहे. पुण्याच्या माणसांनी तो केला म्हणून मी त्याला सूट देणार नाही, कारण सूट दिली की त्यांचा पुढचा खेळही मंडलेच फिरवत राहील.

मग बोलबाला पूर्ण खरा ठरला असे काही आहे का? आहे. लुकस पोप हा अमेरिकन माणूस जपानात राहतो. २०१८ मध्ये त्याचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ आला. काळ १८०७. ईस्ट इंडिया कंपनीसाठी निघालेले एक जहाज पाच वर्षांपूर्वी लंडनहून सुटले, वाटेत बेपत्ता झाले आणि आता फॅल्मथच्या किनाऱ्याजवळ तरंगत आले आहे. वर साठ माणसे होती. आता त्यावर कोणी जिवंत नाही. तुम्ही कंपनीचे विमा-निरीक्षक. जुन्या मॅकिंटॉशसारखे दोन रंगांचे चित्र. हातात एक घड्याळ, जे प्रेताजवळ नेले की त्या माणसाच्या मरणाचा क्षण ऐकू येतो आणि मग गोठलेला दिसतो. एक वही. तिच्यात साठ जणांपुढे लिहायचे: कोण, कसा मेला, कोणी मारले.

यातली खुबी एका साध्या नियमात आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे वही तुम्हाला एकेक करून सांगत नाही. तीन माणसांची नावे आणि नशिबे एकदम बरोबर लागली की मगच ती पक्की होतात. अंदाजपंचे दाहोदरसे करून पुढे जाता येत नाही. तुम्हाला पुरावा जमवावा लागतो: कोणाच्या पायांत कुठले बूट, कोणत्या झोपाळ्यावर कोणता क्रमांक, कोण कोणाशेजारी बसून जेवतो. प्रत्येक बरोबर नावामुळे उरलेल्यांची यादी लहान होते आणि जुन्या दृश्याकडे परत जाऊन बघितले की आधी न दिसलेला माणूस दिसतो. मगाशी हार्डी यांच्या निमित्ताने जो प्रश्न मांडला त्याचे उत्तर इथे साठ वेळा मिळते.

या जहाजावर काही भारतीय खलाशीही आहेत, आणि हा भाग आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम बघावा. कंपनीच्या काळात मुंबई बंदरातून कोकणातली माणसे खलाशी म्हणून परक्या जहाजांवर चढत. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावे वेडीवाकडी लिहिली जात आणि पुष्कळदा माणूस नावाशिवायच राही. खेळताना तुम्ही कंपनीच्या यादीवरून त्या माणसांना चेहरे परत देता. पोपने हे भाषण म्हणून कुठे सांगितलेले नाही, ते खेळणाऱ्याच्या हातून घडते. एक दोषही सांगतो. काही ओळखी इंग्रजीच्या बोलण्याच्या ढबीवरून पटवायच्या आहेत. आयरिश कोण, स्कॉटिश कोण हे रामदासपेठेत वाढलेल्या कानाला कसे कळावे? तिथे मीही चाचपडलो.

दुसरे नाव ‘बाबा इज यू’. फिनलंडचा आर्वी तेइकारी, २०१९. मूळ कल्पना त्याने २०१७ मध्ये नॉर्डिक गेम जॅम या स्पर्धेत थोड्या दिवसांत उभी केली होती. याचे पूर्वज जपानात. हिरोयुकी इमाबायाशी यांच्या ‘सोकोबान’मध्ये गोदामातला माणूस खोकी ढकलतो, ओढू शकत नाही, आणि एवढ्या नियमातून चाळीस वर्षे लोक नवी कोडी काढत आहेत. तेइकारीने खोक्यांच्या जागी शब्द ठेवले. पटावर तीन शब्द ओळीत आहेत, ‘वॉल इज स्टॉप’, म्हणून भिंत अडवते. त्यातला एक शब्द ढकलून बाजूला केला की भिंत अडवायची थांबते. ‘बाबा इज यू’ म्हणून तुम्ही बाबा नावाचा पांढरा प्राणी आहात. ‘बाबा’च्या जागी ‘रॉक’ आणून ठेवा, तुम्ही दगड झालात. ‘फ्लॅग इज विन’ असेल तर झेंड्याला शिवायचे, पण झेंडा पोहोचण्यापलीकडे असेल तर जिंकणे दुसऱ्याच वस्तूला चिकटवता येते. नियम पटावरच पडलेले आहेत आणि तुम्ही त्यांना धक्का देऊ शकता. सगळा खेळ मोजक्या सोप्या इंग्रजी शब्दांवर चालतो, त्यामुळे मराठी माध्यमातल्या पाचवी-सहावीच्या मुलालाही तो लगेच कळतो आणि त्याच्या प्राध्यापक काकाला तासभर अडवून ठेवतो.

यात एक बारीक पण फार महत्त्वाची सोय आहे. चुकलात तर एक बटण दाबून हव्या तितक्या चाली मागे घेता येतात, फुकट. चूक स्वस्त असेल तर माणूस धाडस करतो, वेडगळ कल्पना करून बघतो, आणि उत्तर बहुतेक वेळा त्या वेडगळ कल्पनेतच असते. आपल्या शिकवणीवर्गांत याच्या उलट चालते. चुकीला ऋण गुण, म्हणून मुलगा ओळखीचा प्रकार दिसेपर्यंत पेनच उचलत नाही. खोड काढायची तर अशी: दोनशेवर टप्पे आहेत आणि शेवटचे काही इतके निर्दय, की तिथे तेइकारी हरायचे विसरला आहे.

‘द विटनेस’ हा जोनाथन ब्लोचा दुसरा मोठा खेळ, जानेवारी २०१६ चा. ‘ब्रेड’चे पैसे आणि त्यानंतरची बरीच वर्षे त्याने यात ओतली. एक निर्मनुष्य बेट, त्यावर फलक, फलकांवर रेघ ओढायची. एका शब्दानेही सूचना नाही. पहिला फलक सरळ रेघेचा, दुसरा वळणाचा, आणि असे करत तो तुम्हाला एक आख्खी चित्रभाषा शिकवतो. शिकवण्याचा इतका सुंदर नमुना मी वर्गात क्वचितच पाहिला. त्या बेटावर आणखी एक गोष्ट आहे, जी लक्षात आल्यावर मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ती काय, हे सांगत नाही. बघा, मघाशी ज्या समीक्षकांना नावे ठेवली त्यांच्याच रांगेत मीही जाऊन बसलो. त्या एका गोष्टीसाठी ‘द विटनेस’ गाजला ते योग्य झाले. पण पाचशेहून अधिक कोडी? त्यातली निम्मी गेली असती तर भाषा तेवढीच शिकता आली असती. आणि झुडपांत लपवलेल्या, थोरामोठ्यांची वचने वाचून दाखवणाऱ्या ध्वनिफिती मी ऐकायच्या सोडून दिल्या.

इथे बोलबाल्याला फुगवणारी आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे तासांचा आकडा. ‘मी यात शंभर तास घातले’ हे वाक्य कौतुक म्हणून वापरले जाते. शंभर तास मी कुठे घातले हे विचारल्याशिवाय ते वाक्य निरर्थक आहे. विचार करण्यात घातले, की चालण्यात आणि वाट बघण्यात?

हा प्रश्न एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘ब्लू प्रिन्स’ला सर्वांत जास्त लागतो. टोंडा रॉस याने आठ वर्षे खपून तो केला, आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक वाखाणल्या गेलेल्या खेळांत तो होता. काकाआजोबांनी मृत्युपत्रात वाडा ठेवला आहे. पंचेचाळीस खोल्या, आणि तुम्ही सेहेचाळिसावी शोधलीत तर वाडा तुमचा. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, त्यांतला एक निवडायचा, तिथे ती खोली उभी राहते. पावले संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या सकाळी वाडा पुन्हा कोरा. पहिले काही दिवस मी अक्षरशः वेडा झालो होतो. वहीत आकृत्या काढल्या, भिंतीवरच्या चित्रांच्या जोड्या लावल्या.

मग एक दिवस उत्तर सापडले. डोक्यात सगळे स्पष्ट होते: कुठली खोली हवी, तिच्यात काय करायचे. आणि ती खोली आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता बंद झाला. कोडे सोडवून झालेला माणूस चिठ्ठी निघायची वाट बघत दारे उघडत बसतो. मान्य करतो, की पत्ते आपल्या बाजूने लावून घ्यायचे मार्ग खेळात आहेत आणि ते शोधणे हाही एक डाव आहे. समीक्षकांनी ही तक्रार नोंदवली नाही असेही नाही. पण अनेकांनी तिला एका ओळीत उरकून दहापैकी नऊ-दहा दिले. सेहेचाळिसाव्या खोलीनंतर वाड्यात जे दडले आहे त्याची खोली थक्क करणारी आहे, हे त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. फक्त तिथे पोहोचायला जो वेळ लागतो त्यातला मोठा हिस्सा बुद्धीचा नाही, नशिबाचा आहे. ‘बाबा’त चूक फुकट मिळते, इथे बरोबर उत्तरालाही दंड बसतो. म्हणून ‘ब्लू प्रिन्स’चा बोलबाला मी अर्धा मानतो: वाडा बांधणाऱ्याला पूर्ण गुण, दारावर चिठ्ठ्या टाकणाऱ्याला काही नाही.

मी इथेच थांबतो. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. तरुण मंडळी हात वर करून उभी आहेत, त्यांना ‘ब्लू प्रिन्स’वरून माझ्याशी भांडायचे आहे हे दिसतेच आहे. जरूर भांडा. फक्त ‘ओब्रा डिन’वर कोण कसा मेला ते इथे बोलू नका, पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी मघाशी त्याचे नाव लिहून घेतले आहे.